गुंडेरावाच्या घरचं पाणी

—न्हाई, न्हाई, पायरी चढू नको ज्ञानोबा, तिथनंच बोल. मला ऐकू येतंय. गुलबर्ग्याला एमएस्सी करायलास म्हणून काय ह्या गुंडेरावाच्या ओसरीवर बसशील? अन् काय शिकवायलेत तिथं— लिनियर प्रोग्रॅमिंग? म्हंजे कमीत कमी कष्टात काम कसं भागंल ते हुडकायचं— व्हय ना? अरे, आमचा बैलबी घराकडं सरळ वाट धरतोय! त्याला युनिव्हर्सिटी कामून लागंल? बरं, शिकायलास तर शीक, गावाच्या बोअरवर कामून हात फिरवायलास? त्यो औरादचा इंजिनेर येडा, तुझं गणित बघून मान हलवायला— बोअर म्हणं बौद्धवाड्यात पाडायचा! का, तर समद्या बायकांची पायपीट तिथं कमी व्हतीया. धर्म बदललात, आता गावाचं पाणीबी हलवायलात? आमच्या गल्लीतल्या पाराजवळ पाणी लागत न्हाई का? लागतंय. तूच म्हणलास, दोन्हीकडं लागतंय. मग?

काय? मीच सांगितलं? मी काय सांगितलं तुला? —हां, आलतास दारोदार विचारीत, कोण कुठनं पाणी आणतंय. म्हणलो असंल. म्हणलोच! ह्या घरची बाई पाण्यासाठी उंबरा वलांडीत न्हाई. चारचौघांत दुसरं काय म्हणू? माझं ऐकून हणमंतराव म्हणला, त्याचं ऐकून अमृतप्पा म्हणला— आमच्या गल्लीत तशीच रीत हाय. अन् तू लबाडा, समद्या गल्लीचं चालणं शून्य मांडलास, म्हणून बोअर तुमच्याकडं सरकला! तुला ठावं न्हाई व्हय, आमच्या घरी पाणी भरणारी रुद्रम्मा लेकीकडं गेली ते? मग रांजण काय आभाळातनं भरायलाय? तुझी माय कोंडाबाई बघतीया की रोज, अंधार फिटायच्या आधी आमची सरस्वती वढ्याला— फुलं आणायला जाती. देवाला. हसू नको.

बरं, तुझ्या गणितात अटी असत्यात म्हणलास ना? मग एक अट घाल— आमच्या बायका तुमच्या वाड्यात पाण्याला पाऊल टाकणार न्हाईत. झालं! बोअर आपसूक पाराजवळ येतोय. —कुठल्या बायका? आमच्या!— त्या पाण्याला जात्यातच कुठं म्हणून काय इचारतोस? मोठा शाना झालास.

खरं काय ते सांगा म्हणतोस? म्हंजे काय करू? पारावर उभा ऱ्हाऊन सांगू, माझी बायको डोक्यावर घागर घेऊन वढ्याचा चढ चढतीया म्हणून? हणमंतराव सांगायलाय का? न्हाई ना! मग माझंच नाक कामून कापून घेऊ? परवा घसरली, गुडघा सुजलाय, रात्रभर कण्हतीया, तरी पहाटं— तुला काय करायचंय ते! आमचं दुखणं आम्ही निस्तरू.

तू कामून भाईर आलीस गं? आत जा. सरस्वती! गप म्हणतोय ना. आत जा— काही सांगायचं न्हाई त्याला...

ज्ञानोबा, ती खोटं बोलायली— कसली घागर अन् कसला वढा! तिच्या गुडघ्याकडं काय बघायलास? खोटं बोलायली म्हणतोय! ह्या घरची बाई पाण्याला जात न्हाई. पाडा बोअर तुमच्याच वाड्यात. निघ.