नारळाच्या पोटातला आवाज

...आणि वर म्हणे, बाग भाडेकरूनंच बघायची! तुम्हाला सांगतो, चेन्नईत, तेही नुंगंबाक्कममध्ये घर मिळतंय म्हणून मी करारावर डोळे झाकून सही केली. मी गिंडीच्या कारखान्यात गाड्यांचे गिअर तपासणारा माणूस, मला काय ठाऊक की सप्टेंबर सरायच्या आत शेवगा छाटायचा, गटारातला पाला उपसायचा, नारळाच्या सुक्या झावळ्या उतरवायच्या... कारण इथला पाऊस ऑक्टोबरात येतो आणि येताना वादळाला घेऊन येतो!

बरं, छाटलं, उपसलं, कंबर धरली. राहिला नारळ. सुंदरला बोलावलं, वीस वर्षं झाडावर चढतोय तो. पण चढलाच नाही हो! खोडावर कोयत्याची मूठ आपटली, कान लावला, आणि मला म्हणाला, "सार, तुम्ही ऐका." मी कान लावला. आत... करकर, करकर. कुणीतरी निवांत बसून जेवतंय! भुंग्याच्या अळ्या, खोड आतून पोखरतायत. मालकांना विचारून पावसाआधी तोडा म्हणाला आणि गेला.

मालक म्हणजे जनकोजीराव, तंजावरचे मराठी, वय ब्याऐंशी, वरच्या मजल्यावर एकटेच. आणि त्यांची वेताची खुर्ची कुठे? त्याच झाडाखाली! रोज सहा ते आठ, पेपर घेऊन. झाडही नेमकं त्यांच्याच डोक्यावर कललेलं.

सांगितलं त्यांना. उठले, खोडाला उजवा कान लावला. "मज कांहींच ऐकूं येत नाहीं." कसं येईल? त्या कानानं त्यांना फोनची घंटा ऐकू येत नाही! डावा लावा म्हटलं, तर त्यात मशीन, खोडाला घासतं म्हणे. आत करकर चालूच. मग म्हणाले, "नारळास तीन डोळे असतात, अप्पा. पाहून पडतो तो. सईबाईनें लाविलेलें लेकरूं तें. लेकरास कोण तोडतें?" सईबाई त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. आणि तिकडे करकर.

भोकांत औषध ओतलं. ऑफिसात ऑर्कुट सोडून नारळाचे रोग वाचले. माझी बायको ऋजुता रोज विचारायची, खुर्ची तरी हलवली का त्यांनी? नाही. करकर.

आणि सोमवारी काय... आवाज बंद. साफ बंद! मी नाचायचाच बाकी. जनकोजीरावांनी हलव्याचा डबा उघडला, म्हणाले लेकरूं बरें झालें. मी सुंदरला फोन लावला, म्हटलं औषध लागू पडलं रे! तो म्हणाला, "सार, खायचं संपलं की आवाज थांबतो."

ऑक्टोबरला आता पाच दिवस. तोडायचं नाव काढलं तर म्हातारबुवा म्हणतात, बऱ्या झालेल्याला तोडतात का? मग काय करणार! मी शेजारी दुसरी खुर्ची टाकली. ऋजुता कॉफी दारातूनच देते, पुढे येत नाही. ते पेपर वाचतात, मी वर बघत बसतो. धरून ओढायला कुणीतरी जवळ हवं ना.