मनोऱ्यावरची पाटी

सन्माननीय अध्यक्ष पाद्री झिग्मोंद, आजचे सत्कारमूर्ती मुख्याध्यापक काल्मान गुरुजी, आणि पुढचे बाक धरून बसलेल्या बायांनो, तुमची विसरण्याची हौस मोठी. गौरवाचे चार शब्द बोला म्हणालात. मला अक्षर येत नाही हे विसरलात, आणि मला काय काय आठवतं हेही. म्हणून मी घरी बसून सांगितलं, नात पिरोश्काने लिहून घेतलं, आता तीच वाचतेय. एक शब्द गाळलास तर बघ, पोरी.

आपल्या गावाने तुर्क पाहिला, कैसर पाहिला, मग प्राग, बुडापेस्ट, मॉस्को आणि आता कीव्ह, असं एकेका राजधानीचं राज्य पाहिलं. गाव जागचं हललं नाही, घरात हंगेरियनच बोललं. नव्या धन्यापुढे पहिलं कोणी वाकायचं, हा प्रश्न मात्र गुरुजींनी आमच्यावर कधी पडू दिला नाही. केवढे हे उपकार!

मॉस्कोचं राज्य आलं तेव्हा गुरुजींची मिशी नवी होती. त्यांनी फर्मावलं, चर्चची दुपारची घंटा मॉस्कोच्या बाराला वाजेल. म्हणजे आपल्या दहाला. शेतातले पुरुष घंटा ऐकून, घोडे सोडून घरी आले, तर चुलीवरच्या सूपला अजून उकळी नाही. मॉस्कोत सूप लवकर शिजत असेल का हो?

घंटा ओढायचा माझा नवरा, आंब्रुश. त्याने दहाला वाजवली, आणि सूर्य माथ्यावर आल्यावर पुन्हा वाजवली. गुरुजींनी विचारलं, "दुसरी कोणासाठी रे?"

"ज्यांना भूक लागलीय त्यांच्यासाठी, गुरुजी."

हे उत्तर गुरुजींनी जिथे पोचवायचं तिथे पोचवलं. आंब्रुशला कोळशाच्या खाणीत नेलं. परत आला तो खोकतच. दोर हातात धरायचा आणि खाली बसायचा. फार दिवस बसला नाही.

आता गुरुजी मुलाकडे बुडापेस्टला निघालेत, आणि समितीने ठरवलंय, उद्या घंटेच्या मनोऱ्यावर त्यांच्या नावाची दगडी पाटी बसवायची. गुरुजी, सुखाने जा. तिथली हवा तुम्हाला मानवेल. तुम्हाला कुठलीही मानवते. पण त्या मनोऱ्याच्या पायऱ्या तुम्ही कधी चढला नाहीत. पाटी हवीच असेल तर आंब्रुशची लावा, नाहीतर भिंत कोरी राहू द्या.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर ते माझ्या पदरात टाका, पिरोश्काला बोल लावू नका. गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा समारंभानंतरच्या जेवणाला मी येणार नाही. गुरुजींची पाटी बसणार असेल तर माझ्याकडे ताट पाठवू नका. बसणार नसेल, तर कोबीच्या पानात गुंडाळलेले डुकराच्या मांसाचे गोळे पाठवा, आणि वर आंबट साय घालताना हात आखडता घेऊ नका.