शुभेच्छुकांमधलं नाव

न्हाई, रंग बदलायला न्हाई आले मी, रविराजदादा — बॅनर छापला का, तेवढं सांगा. हां, तोच, माझ्या फोटोचा, ‘निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’वाला, आमच्या आण्णांनी टाकलेला. छापला नसंल तर छापू नका. कावून म्हणजे? — निवडच न्हाई झाली, म्हणून. घ्या, सगळ्यात आधी तुमालाच सांगितलं. घरी अजून कुणाला माहीत न्हाई.

चूक माझीच हाय म्हणा. बीडच्या त्या दवाखान्यात लॅब टेक्निशियनची एकच जागा, मुलाखत देऊन बाहेर आले तर तिथला शिपाई म्हणला, ताई, तुमचं जमलं बघा. तेवढं मी आण्णांना फोनवर बोलून गेले — आन आण्णा लगेच पाटोद्याला येऊन बॅनर टाकून मोकळे! टोळी ऊस तोडायला निघायच्या आत फाट्यावर लागला पायजे म्हणं, सगळ्यांनी बघून जावं. मग परवा दवाखान्याचा फोन आला. गोठ्यामागं जाऊन घेतला. मॅडम बऱ्या बोलल्या — दुसऱ्याला घेतलं म्हणल्या. फोन ठेवायच्या आत मी इचारलं, मॅडम, माझं कमी काय पडलं? लाज वाटली, पण इचारलं. तर म्हणल्या, रक्त काढायला हात लई हलका हाय तुझा, पण रिपोर्ट टाइप करताना एकेक अक्षर हुडकत बसतीस, रांग खोळंबती. आता हे खरंच हाय की. कॉलेजात एका कॉम्प्युटरवर आमी आठ जणी, बसायला कवा मिळायचं? पुढच्या बारीला ये म्हणल्या. बोलायची रीत असंल ती, पण मी धरून ठेवलीय. रडले का? — तुमी न्हाई इचारलं, मीच सांगते — न्हाई रडले. दमले. आल्यावर झाडू घेतला आन झाडलेलं अंगण परत झाडलं, दुसरं काय सुचंना.

आण्णांचं एक येळ निभंल, दादा, आईचं अवघड हाय. मुलाखतीच्या आधीच मी म्हणून बसले — आई, औंदा तू जाऊ नको, माझा पगार चालू होईल. तर तिनं मुकादमाला निरोप धाडला, औंदा मला धरू नका. कोयता छपराच्या आडूला खोचून ठिवला. आन परसात वालाच्या बिया टोचल्या — वाल थंडीत येतो, थंडीत आमच्या घराला कुलूप असतं, म्हणून तिनं कधी लावलाच नव्हता. आता येल पार वईच्या काट्यांवर गेलाय. रोज सकाळी जाऊन बघती. मला म्हणती, शेंगा आल्या की तुझ्या डब्याला देईन. तिला कोणत्या तोंडानं सांगू? त्यात फाट्यावर तो बॅनर लागला तर मग सगळंच संपलं. म्हणून आधी इकडं आले.

काय? छापलाच न्हाई? थांबवायला कोण — आण्णा? काल आलते? आमचेच आण्णा? काय म्हणले... निवड काढून टाका म्हणले. आन त्यांना कुणी सांगितलं? ...अंगण. झाडलेलं अंगण परत झाडताना बघितलं म्हणले. बरं. आन करिष्मा आली तर तिला काय इचारू नका, असं बी म्हणले. बरं.

स्क्रीन फिरवा इकडं, बघू द्या. ‘आपल्या गावातील पहिली लॅब टेक्निशियन, कु. करिष्मा आश्रुबा सानप. हार्दिक अभिनंदन.’ ...थांबा जरा, पुसू द्या. न्हाई, काय न्हाई. हे खोटं न्हाई की, दादा. पास तर झालेच हाय मी. ते कुणी काढून घेतलंय?

आन शुभेच्छुक कोण कोण घेतलेत — आश्रुबा सानप, बबनराव सानप, सुंदरराव मुकादम, समस्त गावकरी आन मित्रमंडळ. माझं कोणतं मित्रमंडळ, दादा? आठ जणी होतो, त्यातल्या सहांची लग्नं झाली. ...आन आई? आईचं नाव न्हाई. बायांचं घालत न्हाईत, माहीत हाय मला.

सरका. न्हाई, तुमी नका टाकू, मी टाकते. मुक्ताबाई — सगळ्यात वर. आन एक मागते, न्हाई म्हणू नका — उद्यापासून दुकान उघडलं की घंटाभर मला हितं बसू द्या. तुमच्या लग्नपत्रिका असू द्या, काय बी असू द्या, फुकट टाइप करते. हात बसला पायजे. घरी गेल्यावर आईला मीच सांगते. तिला औंदा जावंच लागंल, दादा — सांगते तिला, वाल उपटू नको, कुलूप लागणार न्हाई, मी हाय, मी पाणी घालीन.

‘म’ कुठं हाय ह्या कीबोर्डवर... न्हाई, सांगू नका. हुडकते. येळ लागंल मला, तुमी चहा पिऊन या.