कोनाड्यातली बाटली

श्रीपादराव : पण बिट्रिसबाई, तिला दुखत असतं तर ती बोलली नसती का? माझ्यासारख्या शिरस्तेदाराची बायको आहे, मुकी नाही!

बिट्रिसबाई : रावसाहेब, मी आत्ताच त्यांची छातीची जखम धुतली. कर्करोगाची गाठ फुटून महिना झालाय. दवाखान्यात असल्या जखमा बारा वर्षं धुतेय मी. न दुखणारी अजून बगायची हाय.

श्रीपादराव : मग डॉक्टरांनी अफूचे थेंब दिलेत ना! बाटली महिनाभरात बोटभरसुद्धा खाली गेली नाही. म्हणजे दुखणं उतरलं, नाही का?

बिट्रिसबाई : बाटली ठेवलीय कुठं?

श्रीपादराव : ही काय, इथेच ओसरीवर. जोड्यांच्या वरच्या कोनाड्यात. दारूचा अंश असतो हो त्यात! आत देव आहेत, सोवळं आहे. माजघरात कशी नेणार?

बिट्रिसबाई : मग बाईंनी घ्यायचं कसं?

श्रीपादराव : बाहेर यायचं, थेंब घ्यायचे, आत जायचं. मोजून चार पावलं आहेत.

बिट्रिसबाई : आणि मी कोपरीहून आले तेव्हा ओसरीवर पाच-सहा जण पान खात बसलेले, आत्ताच उठून गेले, ते कोण?

श्रीपादराव : अहो, समाचाराला येतात! उभ्या ठाण्यात लौकिक आहे आपला. गोपीनाथपंत तर रोज दोन वेळा येतात. ‘वहिनींचं कसं काय?’ मी सांगतो, उत्तम!

बिट्रिसबाई : परके पुरुष बसलेले असताना बाई इथं येतात?

श्रीपादराव : छे छे, भलतंच काय! आमच्या घरात तसलं नाही चालत.

बिट्रिसबाई : मग येतात कधी?

श्रीपादराव : मंडळी उठली की.

बिट्रिसबाई : आणि उठतात कधी?

श्रीपादराव : चहा-पान झालं की उठतात. मग... मग दुसरे येतात.

बिट्रिसबाई : वा! म्हणजे दुखणं विचारायला आलेलेच औषधाची वाट अडवून बसतात!

श्रीपादराव : उगाच वाकडं बोलू नका. शिवाय अफू ती अफू. सवय लागली म्हणजे?

बिट्रिसबाई : डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?

श्रीपादराव : म्हणाले... दिवाळी काही दिसायची नाही.

बिट्रिसबाई : मग लागू द्या की सवय! किती दिवस पुरणार हाय ती? आणि हातातली ती तपकिरीची डबी खाली ठेवा आधी.

श्रीपादराव : पण खरं सांगतो, कधी हूं की चूं नाही केलं हो तिनं.

बिट्रिसबाई : घरात उंदीर झालेत का?

श्रीपादराव : झालेत म्हणजे? उच्छाद मांडलाय मेल्यांनी! पाच लुगड्यांचे पदर कुरतडले. मुद्दाम कल्याणहून सापळा आणवला, तर एक सापडेल तर शपथ!

बिट्रिसबाई : सापडायचा नाय. आत्ता जखम धुताना बाईंनी पदराचा बोळा करून दातांखाली धरलेला. मी म्हटलं, ओरडा की बाई! तर म्हणतात, ओसरीवर माणसं आहेत, आवाज जाईल.

(श्रीपादरावांनी कोनाड्यातली बाटली उचलली आणि ते माजघरात गेले; बिट्रिसबाईही मागोमाग गेल्या.)

श्रीपादराव : अगं, ऐकलंस का?

गोदूबाई : अगंबाई, तुम्ही? कोण आलंय? पानं लावायला सांगू का?

श्रीपादराव : कोणी नाही आलं. पड तू. दुखतंय ना फार?

गोदूबाई : थोडंसं... अहो, ती बाटली! देवांच्या घरात आणलीत?

श्रीपादराव : आणली. देवांचं मी बघतो काय ते. बाई, किती थेंब?

बिट्रिसबाई : पंधरा, पाण्यातून. आणि कचेरीचे टोल मोजत राहा. चार तास झाले की पुन्हा द्यायचे, दुखायची वाट बगायची नाय. ही बाटली आता उशाशीच राहील.

श्रीपादराव : पंधरा. चष्म्याशिवाय थेंब दिसत नाहीत हो मला.

बिट्रिसबाई : मी मोजते, तुम्ही पाजा.

गोदूबाई : अहो, राहू द्या, बाहेर कुणीतरी आलंय वाटतं...

गोपीनाथपंत (ओसरीवरून) : अहो श्रीपादराव! आहात का घरात? वहिनींचं आज कसं काय?

श्रीपादराव : दुखतंय हो तिला, पंत. फार दुखतंय. आज बसू नका.