मामंजींचं आत्मचरित्र उघडेना

...आणि वर मलाच म्हणतात, "कालपर्यंत तर चालत होतं!" अहो, कालपर्यंत? तुम्हाला सांगते, तो जुना कंप्यूटर दिवाळीतच धूर सोडून गेला! मामंजी म्हणजे माझे सासरे, गोविंदराव, रेल्वेतून रिटायर, वय चौऱ्याऐंशी, झाशीत बसून वीस वर्षं मराठीत आत्मचरित्र टाइप करतायत! तेही असल्या सॉफ्टवेअरवर, की ते बनवणारेसुद्धा विसरले असतील!

सुबोधने, म्हणजे आमच्या ह्यांनी, नवा लॅपटॉप आणला, तर सॉफ्टवेअर चालेना, आणि जुन्यातून वाचवलेली फाइल उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं नि डोक्यावर टिंबं घेतलेले इंग्रजी ए!

"माधुरी, माझं बालपण कुठाय?"

"मामंजी, सिस्टीम नवी, सॉफ्टवेअर जुनं... नाही जमत दोघांचं."

"आपलं जमतंय ना? मग? कालपर्यंत चालत होतं!"

सुबोध काय म्हणाले? "तू बघ ना जरा." आणि गेले ड्यूटीवर!

मग मीच! लक्ष्मी ताल तळ्याकाठचं संक्रांतीचं हळदीकुंकू सोडून, तीन दिवस ऑटोने सदर बाजार, कंप्यूटरवाल्या पियूषकडे. तो हसतोय! "आंटी जी, ये तो मुझसे भी बड़ा है उमर में!" आंटी! सगळे उपाय थकले, तेव्हा म्हणाला, "नए के पेट में पुराना कंप्यूटर बिठा देते हैं." बसवला, आणि उघडलं हो! मला रडूच आलं. अक्षरं नीट दिसतायत का म्हणून मधलंच एक पान काढलं... प्रकरण 'सूनबाई'. "सून आळशी. आमटी म्हणजे कोमट पाणी. सुबोधचं नशीब फुटकं." एक वेलांटी चुकलेली नाही!

"सब ठीक दिख रहा है, आंटी जी?"

"नहीं भैया. कुछ नहीं दिख रहा. मिटा दो."

"फाइल भी?"

"फाइल भी."

घरी येऊन मामंजींना सांगितलं, नाही चाललं, फाइलही गेली. ह्या वेळी 'कालपर्यंत' निघालं नाही तोंडातून. दोन दिवस जेवले नाहीत, नुसते त्या काळ्या पडद्यासमोर बसून... मला काय काळीज नाही? पण बोलले नाही मी!

तिसऱ्या दिवशी हाक. "माधुरी, सगळं पाठ आहे मला. मी सांगतो, तू टाइप कर. 'सूनबाई'पासून घेऊ, ते ताजं आहे."

बसले. काय करता? आळशी... झालं. कोमट पाणी... झालं. फुटकं नशीब... तेही झालं! मग मामंजींनी डोळे मिटले, नि म्हणाले, "मागच्या वेळी हात राखूनच लिहिलं होतं. हं, घे, नवा परिच्छेद."

घेतला.