तासाला पन्नास

स्तंभालेख तयार होता हो! तुम्हाला सांगतो, मूळ दुःख ते आहे... थांबा, क्रमाने सांगतो. मी हे ऐकलं गेल्या रविवारी, सकाळी सव्वाअकराला, ओट्याशी उभं राहून, खुद्द माझ्या थोरल्या बहिणीकडून. ताई ग्रंथपाल आहे. वाचनालय संध्याकाळी सहा ते आठ उघडं ठेवायचं की नाही, हे समिती ठरवणार होती. आणि ताईकडे आकडे होते, काय आकडे! दिवसाच्या दहा तासांत तीनशे वाचक, संध्याकाळच्या दोन तासांत शंभर. म्हणजे दिवसा तासाला तीस आणि संध्याकाळी तासाला पन्नास! तिने दोन स्तंभ काढले, एक बुटका, एक उंच. शेंबड्या पोरालाही कळावं! पण मग तिला वाटलं, दोनच काठ्या? फारच ओकंबोकं दिसतंय... आणि ऐन बैठकीच्या सकाळी तिने घेतला वृत्तालेख, ती गोल रंगीत चकती हो! तीन हिस्से दिवस, निळा. एक हिस्सा संध्याकाळ, गुलाबी.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर ढकलला. "वा बाई, सुरेख! म्हणजे संध्याकाळी जेमतेम पाव लोक येतात तर!"

"अहो, पण ते दोनच तासांत..."

"तेच म्हणतोय मी! एवढ्यासाठी दिवे कशाला जाळायचे?"

आता चकतीत तास कुठे दिसतात? तुम्हीच सांगा, कुठे दिसतात? झाले हात वर, झाला ठराव! आणि स्तंभालेख तयार होता हो, तिच्या पर्समध्ये, चार घड्या घातलेला!

दुसऱ्या दिवशी, रोज संध्याकाळी परीक्षेचा अभ्यास करायला येणारा एक वेल्डर आला, दारावरची सूचना त्याने दोनदा वाचली. "ताई, मी सुटतोच सहाला. आता बसू कुठे?" तिने किल्ली फिरवली आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

बाकी सारं मी इतिवृत्ताशी ताडून पाहिलंय. एकच भाग पडताळता आला नाही. ताई म्हणते, त्या सकाळी तिने मला फोन केला, "अरे, तू संख्याशास्त्रात एम.एस्सी. ना? काठ्या देऊ की चकती?" आणि मी, म्हणे, अर्धवट झोपेत म्हणालो, "चकती दे गं, छान दिसते." फोन स्पीकरवर होता, वाचनालयातल्या शिपाईमामांनी ऐकलंय, म्हणे! त्यांना विचारायचंय हो मला, खरंच विचारायचंय... पण मी सुटतो साडेसहाला, आणि वाचनालय आता सहालाच बंद होतं.