शाल घालण्याआधी दोन शब्द

समाजोन्नती मंडळाचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांचे वडीलधारे आदरणीय शांतारामतात्या, व्यासपीठावरचे सन्माननीय पदाधिकारी, आज जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती उत्सवमूर्ती कुमारी शैला, तिचे आईवडील, आणि शिरगाव, सातपाटीपासून पार एडवणपर्यंतच्या गावांतून रविवारची कामं बाजूला ठेवून आलेल्या बंधुभगिनींनो, माझा सर्वांना मनापासून नमस्कार.

पत्रिकेत माझ्या नावापुढे छापलंय, ‘शुभहस्ते शाल व श्रीफळ आणि त्यानंतर दोन शब्द’. मी तात्यांना न विचारताच हा क्रम उलटा करते आहे. आधी दोन शब्द. शाल ही बघा, माझ्या हातावर आहे, कुठे पळून जात नाही. तात्या, घड्याळ नका बघू हो. सतरा वर्षांत पहिल्यांदा माइक हातात दिलात, आता ऐकून घ्या.

तरुण मंडळी मला ओळखत नसतील. मी जयवंती, इथल्याच खालच्या आळीतली. पालघरच्या रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून काम करते, इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी. म्हणजे काय? तर अपघातानं नाहीतर आजारानं ज्याचा हात-पाय कामातून गेला, त्याला जेवणं, वेणी घालणं, कोयता धरणं, आपापली रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून जे करायचं ते. १९७९ साली याच सभागृहात माझा असाच सत्कार झाला, तेव्हा तात्या भाषणात म्हणाले होते, “मुलगी व्यवसायाचं शिक्षण घेऊन येईल आणि बोईसरला मोठं दुकान टाकेल.” हसताय ना? तेव्हाही सगळे हसले होते. मीही हसले होते.

आता त्या सत्काराबद्दलच सांगते. माझी पदवी झाली होती. पुढच्या शिक्षणासाठी मी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एक, मुंबईतली ती मोठी संस्था. नाव घेत नाही, तिचा काही दोष नाही. तिथून शिकलेली माणसं थेट विलायतेला जात. फी मोठी, वसतिगृहाचा खर्च त्याहून मोठा. दुसरं, लांबचं सरकारी कॉलेज. फी नावाला, आणि वर विद्यावेतन. तिथल्या मुलांना सहा महिने लहान गावांतल्या दवाखान्यांत काम करावं लागे, म्हणून कोणाला त्याचं कौतुक नव्हतं.

मुंबईचं पत्र आधी आलं. पोस्टमननं ते आमच्या घरी देण्याआधी नाक्यावर चारजणांना दाखवलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मंडळाची बैठकसुद्धा झाली. आपल्याकडे हे एक बरं आहे. रस्त्याच्या खड्ड्यासाठी बैठक व्हायला तीन महिने लागतात, सत्काराची बैठक त्याच दिवशी होते. पुढच्या रविवारी सभागृह भरलं, तात्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, संस्थेचं नाव तीनदा उच्चारलं, आणि टाळ्या पडल्या.

सरकारी कॉलेजचं पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं. प्रवेश मिळाला होता, विद्यावेतनही. मी ते पत्र माझ्या वडिलांपुढे ठेवलं. आमची पानवेलीची वाडी, पान बांधून विकायचं, त्यात किती निघतं ते या सभागृहात कोणाला सांगायला नको. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बाय, शाल अंगावर पडली. आता माघारी फिरलो तं लोक काय म्हणतील? तात्यांचा शब्द खाली पडंल.”

मी तुम्हाला विचारते, कोणत्या शास्त्रात लिहिलंय की शाल अंगावर पडली की माणसानं दुसरं पत्र उघडायचं नाही? तात्या, तुम्ही सक्ती केली नव्हती, हे मी सगळ्यांसमोर सांगते. कोणीच केली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, वडील तसं म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं. मला ती शाल आवडली होती. बाजारात बायका थांबवून विचारायच्या, ‘मुंबईला ना गं?’ तेही आवडलं होतं. हे कबूल करायला मला सतरा वर्षं लागली आहेत.

आता पैसे कुठून येणार? माझी धाकटी बहीण प्रेमला. ती बसली आहे तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. प्रेमला, मान खाली घालू नकोस. ही दहावीला आमच्या शाळेत पहिली आलेली मुलगी. हिला डी. एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. घरातल्या भिंतीवर खडूनं लिहून शेजारच्या पोरांना पाढे शिकवायची. ती म्हणाली, “ताई, तुझी दोन वर्षं होऊ दे. मग मी जाईन.” आणि तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागली. पहाटे कंपनीची बस यायची. माझा सत्कार झाला होता, तिचा नाही. कारखान्यात लागणाऱ्या मुलीला कोण शाल घालतो?

मुंबईतलं शिक्षण चांगलं होतं. त्याबद्दलही खोटं बोलणार नाही. त्या काळात माझी नेमणूक भाजलेल्या रुग्णांच्या विभागात होती. भाजलेल्या हाताचं एक दुष्ट गणित असतं, तेवढं ऐका. हात भाजला की माणूस बोटं मिटून घेतो, कारण तसं कमी दुखतं. आणि ज्या अवस्थेत कमी दुखतं त्याच अवस्थेत हात आखडून बसतो. म्हणून पहिल्या काही दिवसांतच हात उघडा राहील असा आधार बांधावा लागतो आणि रोज, माणूस रडला तरी, बोटं हलवावी लागतात. दीड-दोन महिने गेले की उपाय फार थोडे उरतात. मी हे रोज करत होते. माझ्या मॅडम म्हणायच्या, जयवंतीचे रुग्ण हात हलवत घरी जातात.

ऐंशी साली, गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात, कारखान्यात प्रेमलाच्या उजव्या हातावर कातडी जाळणारं गरम कॉस्टिक सांडलं.

मला कोणी कळवलं नाही. का? तर माझी परीक्षा होती. मोठ्या संस्थेची परीक्षा. वडिलांनी घरात सगळ्यांना बजावलं, जयाला एक अक्षर कळता कामा नये. डॉक्टरांनी मलमपट्टी केली, जखम भरली, त्यांचंही काही चुकलं नाही. हात मात्र मिटलेलाच राहिला. घरची पत्रं नेहमी प्रेमला लिहायची. त्या महिन्यांत पोस्टकार्डावर वडिलांचं अक्षर येऊ लागलं. मला वाटलं, पोरगी रुसली असेल, पैसे पाठवून कंटाळली असेल. भाजलेले हात रोज बघणारी मी, पण ते अक्षर बघून मला काही सुचलं नाही.

परीक्षा संपवून दिवाळीच्या दोन दिवस आधी घरी आले. प्रेमला डाव्या हातानं रांगोळी काढत होती. मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि मला कळलं. बोटांत बोट घालून उघडायला गेले तर ती ओरडली. मी ओरडले त्याहून मोठ्यानं. म्हटलं, अगं, पोस्टात एक कार्ड टाकायचं होतंस! तर ही म्हणाली, “आमी कळवणार होतो. पण तू परीक्षा टाकून धावत आली असती. मंग गावात काय तोंड दाखवला असता?”

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. मोठ्या संस्थेत आधार बनवायचं जे सामान मी वापरत होते ते परदेशातून यायचं, पालघरला ते कोणी पाहिलंही नव्हतं. बोअरिंगच्या प्लॅस्टिक पाइपाचे तुकडे स्टोव्हवर गरम करून वाकवायचे, हे मला पुढे एका सहकाऱ्यानं शिकवलं. तो त्या लांबच्या सरकारी कॉलेजात शिकला होता. कोयत्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचे वेढे देऊन जाड केलं की आखडलेल्या हाताला तो धरता येतो, हेही त्याच्याकडूनच. आज प्रेमला तसा कोयता धरते, पानं खुडते, घर चालवते. खडू मात्र इतका बारीक असतो की त्याला काही उपाय सापडला नाही.

मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा प्रेमलानं टाळ्या वाजवल्या नाहीत, ते तिच्या शेजारणीच्या लक्षात आलं आणि त्या कुजबुजल्या. बाई, ती रागानं बसली नव्हती. तिचा तळहात उघडत नाही.

आता शैलाकडे येते. परवा ही मुलगी रुग्णालयात माझ्याकडे आली. पिशवीत दोन पत्रं. हो, तात्या, दोन. मुंबईची तीच संस्था आणि सरकारी कॉलेज. मी विचारलं, “तुझ्या मनात काय आहे?” तर म्हणाली, “ताई, मनात सरकारीच आहे. पण पत्रिका छापून झाल्या.” मी पत्रिका पाहिली. संस्थेचं नाव उत्सवमूर्तीच्या नावापेक्षा ठळक टाइपात आहे. छपाई सुरेख झाली आहे, अभिनंदन.

आणि काल सकाळी बोईसर नाक्यावर कंपनीच्या बसच्या रांगेत मला एक मुलगी दिसली. हातात डबा. शैलाची धाकटी बहीण मंजुळा. मी म्हटलं, तुझं कॉलेज? म्हणाली, “सोडला, ताई. दोन वर्षांचा तं प्रश्न हाय.” प्रेमलाही दोनच वर्षं म्हणाली होती. ते सुसंस्कृत भाषेत कसं सांगायचं हे काल रात्रीपासून मला सुचत नाही. म्हणून जसं आलं तसं बोलते आहे.

मी असं म्हणत नाही की सरकारीच घे. मुंबईला चांगलं शिकवतात, आणि शैला हुशार आहे. तिनं विचार करून मुंबई घेतली तर मी स्वतः स्टेशनवर सोडायला जाईन. माझं म्हणणं एवढंच की ते तिनं ठरवावं, मंजुळाला समोर बसवून ठरवावं. आपण छापखान्यात ठरवू नये.

शैला, उठ. इकडे ये. ही शाल मी तुझ्या खांद्यावर घालत नाही. घडी न मोडता हातात देते आहे. घरी ने, कपाटात ठेव. पैसे भरायची शेवटची तारीख उद्या सोमवार आहे. जिथे जायचं तिथे जा, शिकून ये, आणि मग वाटलं तर पांघर. नाही वाटलं तर मंजुळाला दे. आणि मंजुळा, तू उद्या बसच्या रांगेत दिसलीस तर मी हात धरून घरी आणेन, सांगून ठेवते.

तात्या, आपण मला बोलावलंत, माझ्यासारखीला मानानं खुर्ची दिलीत, त्याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. आपण सर्वांनी उकाड्यात शांतपणे ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलताना जीभ कुठे तिखट झाली असेल तर घरची मुलगी म्हणून पोटात घाला. कार्यक्रमातला शाल घालण्याचा भाग राहिला, ती चूक मी जाणूनबुजून केली आहे आणि तिची क्षमा मी मागत नाही. मला क्षमा मागायची आहे ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती मंडळाकडे नाही. पोस्टकार्डावरचं अक्षर बदललं तेव्हा मी त्याच दिवशी गाडीत बसायला हवं होतं. प्रेमला, मला माफ कर.

नमस्कार.